इव्हेंट ट्रिगर लावायचेत? असे लावा

गेल्या आठवड्यात आमच्या प्लांटला पॉवर ॲनालायझर, म्हणजे वीजपुरवठ्यातले बिघाड नोंदवणारं मशीन, लावायला एक पोरगा आला होता. भाड्याचं मशीन, सात दिवस, भाडं किती ते विचारू नका. त्याचं काम बघून माझ्या ज्ञानात जी भर पडली ती तुम्हाला फुकट देतोय. कधी ट्रिगर, म्हणजे कुठल्या मर्यादेला मशीनने बिघाडाची नोंद (इव्हेंट) घ्यायची ते, सेट करायची वेळ आलीच तर असंच करा.

आधी म्हणजे काय ट्रिप होतंय, किती वाजता होतंय, हे अजिबात विचारायचं नाही. मेंटेनन्सवाला सांगायला लागला की "हो सर, सगळं येतं ह्यात" म्हणायचं आणि करंट मोजायचे क्लॅम्प लावायला घ्यायचे. रात्री दोन-तीनच्या मधे मोटरी चालवणारे ड्राइव्ह अंडरव्होल्टेज दाखवून बसतात, कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर (चालू-बंद करणारा स्विच) सुटतो, ही त्यांच्या घरातली भांडणं, आपण कशाला मधे पडा.

नॉमिनल व्होल्टेज, म्हणजे ज्याच्या टक्क्यांत सगळं मोजायचं ते ठरलेलं व्होल्टेज, आधीच्या साईटवाल्याने टाकलेलं असतं तेच राहू द्या. त्याने २४० टाकलं असेल तर २४०. कागदावर २३० होऊन जमाना झाला म्हणून काय झालं, जुन्या माणसांचा मान ठेवावा. एचटीला (हाय टेन्शन लाइनला) लावत असाल तर पीटी रेशो, म्हणजे मधला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज किती पट कमी करतो तो आकडा, टाकूच नका, फेजला ६३.५ व्होल्ट बघून मशीन सात दिवस एकच अखंड डिप (व्होल्टेज पडल्याचा इव्हेंट) नोंदवत बसेल.

घड्याळ लावू नका. मशीन आपलं १ जानेवारी २००० दाखवत राहील, चांगला दिवस होता तो.

आता डिपचा थ्रेशोल्ड, म्हणजे व्होल्टेज कितीच्या खाली गेलं की डिप धरायचा. जग ९० टक्के ठेवतं, म्हणजे २३० ला २०७ व्होल्ट. पण आपण जगासारखं का वागायचं? आमच्या पोराने ९५ ठेवला, आणि वर मला कौतुकाने सांगतो, "सेन्सिटिव्ह ठेवलंय सर, काही सुटायला नको." आता २४० चे ९५ टक्के म्हणजे २२८, आणि आमच्याकडे दिवसभर व्होल्टेज असतंच २२६ ते २३१. म्हणजे नुसता नेहमीचा सप्लाय हाच इव्हेंट! त्यात हिस्टेरेसिस शून्य. एरवी ते दोन टक्के ठेवतात, कशाला असतं माहितीये का, २०७ च्या खाली गेलेलं व्होल्टेज २११.६ च्या वर आल्याशिवाय डिप संपला असं धरायचं नाही, नाहीतर काठावर जरा हललं की एक इव्हेंट, परत हललं की दुसरा. ते शून्य, आणि मशीन बघणार दर अर्ध्या सायकलला, म्हणजे १० मिलिसेकंदाला. संध्याकाळच्या चहापर्यंत चार हजार इव्हेंट आणि मेमरी फुल्ल. फुल्ल झाल्यावर जुनं पुसून नवं घ्यायचं का थांबायचं, असा एक ऑप्शन असतो. कुठला होता ते सांगायला पाहिजे का?

करंटचा ट्रिगर मोटरच्या स्टार्टिंग करंटच्या खाली ठेवा, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू झाला की दर वेळी हजेरी लागते.

अडॅप्टर त्याच पॅनेलच्या सॉकेटला लावा, आतली बॅटरी मेलेली असू द्या. लाईट गेली की मशीनपण गेलं, पुरावाच नको.

आणि प्री-ट्रिगर, म्हणजे इव्हेंटच्या आधीचं रेकॉर्डिंग, शून्य, प्लीज. डिपच्या आधीच्या चार-पाच सायकल दिसल्या तर लगेच कळतं की करंट उसळला आणि मग व्होल्टेज पडलं, म्हणजे लफडं आपल्याच लोडचं, का करंट न वाढताच व्होल्टेज बसलं, म्हणजे बाहेरून आलं. एवढ्याचसाठी तर मशीन आणलं होतं ना! आम्ही म्हणतो वीज कंपनीचा फीडर, ते म्हणतात तुमची मशीनं, दोन वर्षं हेच चाललंय.

बरं, झालं काय, तर गुरुवारी पहाटे २:५० ला तीन लाइनी धाडकन बंद, शिफ्टवाल्याचा फोन, मी झोपेतून उठून गेलो तर खरं म्हणजे मनात खूश होतो की सापडला आज. पॅनेलसमोर जाऊन बघतो तर स्क्रीनवर मेमरी फुल्ल, सोमवारपासून.

रिपोर्ट मात्र ८४ पानांचा आला, रंगीत. "डिपचे प्रमाण अत्यंत जास्त, सर्व्हो स्टॅबिलायझर बसवावा", आणि सोबत कोटेशन. अरे, सर्व्हो म्हणजे मोटरने ब्रश सरकवून व्होल्टेज सावरणारं यंत्र, ती मोटर ब्रश सरकवायला लागेपर्यंत डिप येऊन, आमच्या लाइनी पाडून, घरी पोचलेला असतो रे! सर्व्हो विकायला आला होतास का ट्रिगर लावायला?

पाच मिनिटं लागतात रे. नॉमिनल, थ्रेशोल्ड, हिस्टेरेसिस, घड्याळ. कॉम्प्रेसर एकदा समोर चालू करून बघायचा, किती इव्हेंट पडले ते मोजायचं, मग गाडीत बसायचं. तू दहा मिनिटांत फोटो काढून निघालास, आणि तुझ्या साहेबाने तो रिपोर्ट न बघता सही केली, त्यालापण हे लागू आहे. बिल मी पास करणार नाही. सोमवारी परत ये, सात दिवस परत लाव, भाड्याशिवाय, आणि येताना त्या मशीनची बॅटरी बदलून आण.