जोड पैसा लावतो, निकाल नाही

15 नोव्हेंबर 2024 ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला 27 वर्षांचा यूट्यूबर जेक पॉल आणि 58 वर्षांचा माईक टायसन एकमेकांसमोर उभे राहिले. तेव्हापासून एक दावा शब्दांच्या थोड्या फरकाने सारखा फिरतो आहे: "बॉक्सिंग काय, यूएफसी काय, सगळं डब्ल्यूडब्ल्यूईच. रँकिंग नुसतं दाखवायला. मोठ्या नावासमोर मुद्दाम लिंबूटिंबू उभा करतात. पंच विकलेले असतात. कोण जिंकणार हे पोस्टर छापायच्या आधीच ठरतं." (यूएफसी म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी कंपनी; डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे निकाल आधीच लिहिलेली कुस्ती.)

यातलं रँकिंगचं वाक्य बरंचसं खरं आहे, मधली दोन अर्धी खरी आहेत आणि शेवटचं चूक आहे. घोटाळा होतो तो रँकिंगच्या वाक्यावरून थेट शेवटच्यावर उडी मारल्यामुळे. गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती कोणाची लावायची हे कमिटी गर्दीकडे बघूनच ठरवते. पण त्यावरून कोण चितपट होणार तेही कमिटीने ठरवलं, असं कोणी म्हणत नाही.

"रँकिंग नुसतं दाखवायला."

यूएफसीपुरतं हे मान्य करायला हरकत नाही. तिथलं रँकिंग फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झालं. ते पत्रकारांच्या मतांवरून बनतं आणि पहिल्या क्रमांकाला बेल्टची, म्हणजे विजेतेपदाची लढत द्यावीच लागेल असं कोणतंही बंधन कंपनीवर नाही. रँकिंग यायच्या आधीही हाच कारभार होता. ब्रॉक लेस्नरच्या नावावर जेमतेम तीन लढती होत्या, त्यातली एक हरलेली. तरी चौथ्या लढतीत, नोव्हेंबर 2008 मध्ये, त्याला रँडी कूचरसमोर हेवीवेट बेल्टसाठी उतरवलं, कारण डब्ल्यूडब्ल्यूईचा प्रेक्षक तो सोबत घेऊन आला होता. अलीकडचं उदाहरण टॉम ॲस्पिनलचं. नोव्हेंबर 2023 मध्ये तो हंगामी विजेता झाला, जुलै 2024 मध्ये त्याने तो बेल्ट एका मिनिटात राखलाही. तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुख्य विजेता जॉन जोन्ससमोर आला स्टिपे मिओचिच: वय 42, आणि मार्च 2021 नंतर एकही लढत नाही. जोन्स-मिओचिच ही विकली जाणारी नावं होती. जून 2025 मध्ये जोन्सने निवृत्ती जाहीर केली आणि ॲस्पिनलला बेल्ट न लढता मिळाला.

कार्ड, म्हणजे एका रात्रीच्या लढतींची यादी, भरायची पद्धतच तशी आहे. आधी तारीख, शहर आणि प्रक्षेपणाची वेळ ठरते. मग तिकीट विकणारी मुख्य लढत. उरलेल्या दहा-बारा जोड्या वजनगट, कोण तंदुरुस्त आहे, कोणाच्या करारात किती लढती बाकी आहेत, व्हिसा, आणि नॉकआउटनंतरची वैद्यकीय बंदी हे सगळं बघून बसवतात. शहर नवं असेल तर स्थानिक पोरांना जागा मिळते. नोव्हेंबर 2017 मध्ये यूएफसी पहिल्यांदा चीनच्या मुख्य भूमीवर, शांघायला गेली तेव्हा आपल्या भारत खंडारेचं पदार्पण झालं ते 19 वर्षांच्या साँग यादाँगसमोर. पहिल्याच फेरीत गिलोटिन या गळा आवळण्याच्या डावात मान अडकली आणि खंडारे हरला. बाजारपेठेने जोड लावली हे खरं, पण साँग पुढे बँटमवेट या वजनगटाच्या वरच्या फळीत गेला. तो बाहुला नव्हता.

बॉक्सिंगमध्ये मात्र हे वाक्य तसंच्या तसं लागू पडत नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटनांचा विजेत्यासाठी एक 'मँडेटरी', म्हणजे टाळता न येणारा आव्हानवीर असतो. बेल्टच्या लढतीच्या मानधनातून या संघटना साधारण तीन टक्के शुल्क घेतात, त्यामुळे मोठं नाव दुखावणं त्यांनाही परवडत नाही. तरीही आयबीएफ या बाबतीत खमकी आहे. बॉक्सर टायसन फ्युरीने 28 नोव्हेंबर 2015 ला हेवीवेट विजेता व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं आणि दोन आठवड्यांच्या आत आयबीएफने बेल्ट काढून घेतला, कारण मँडेटरी सोडून त्याने क्लिच्कोशी परतीची लढत मान्य केली होती. (ती परतीची लढत शेवटी झालीच नाही!) बॉक्सर कानेलो आल्वारेझचंही तेच झालं. जुलै 2024 मध्ये विल्यम स्कल या मँडेटरीला टाळलं म्हणून बेल्ट गेला, आणि सप्टेंबरात तो जास्त विकल्या जाणाऱ्या एडगर बर्लांगाशी लढला. म्हणजे पैसेवाला नियम मोडत नाही, बेल्ट टाकून नियमातून बाहेर पडतो. मे 2025 मध्ये रियाधला कानेलो-स्कल लढत अखेर झाली, तर बारा फेऱ्यांत दोघांचे मिळून 445 ठोसे. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सने मोजलेल्या पूर्ण बारा फेऱ्यांच्या लढतींतला हा नीचांक. लढती भरवणारे प्रमोटर मँडेटरीला का टाळतात, ते त्या रात्री प्रेक्षकांनाही कळलं असेल.

"मोठ्या नावासमोर लिंबूटिंबू."

उगवत्या बॉक्सरच्या पहिल्या दहा-पंधरा लढतींबद्दल हे खरं आहे. ठरावीक 'जर्नीमन' असतात. ते फेऱ्या पूर्ण करतात, फारसे जिंकत नाहीत आणि पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या गावी उभे राहतात. 1977 मध्ये प्रमोटर डॉन किंगच्या स्पर्धेत खेळाडूंच्या हार-जितीच्या खोट्या नोंदी उघड झाल्या आणि एबीसी वाहिनीने प्रक्षेपण मध्येच थांबवलं. आकडे फुगवण्याचा धंदा जुनाच आहे.

पण नाव मोठं झालं की गणित उलटतं. पे-पर-व्ह्यू, म्हणजे लढतीपुरते पैसे भरून बघण्याचं प्रक्षेपण, एका नावावर चालत नाही, समोरचाही विकला जावा लागतो आणि विकला जाणारा सहसा धोकादायक असतो. सोपा म्हणून आणलेलाही अंगाशी येतो. डोपिंगमध्ये सापडलेल्या जॅरेल मिलरच्या जागी महिनाभराच्या सूचनेवर आलेल्या, पोट सुटलेल्या अँडी रुईझने 1 जून 2019 ला न्यूयॉर्कमध्ये हेवीवेट विजेता अँथनी जोशुआला सातव्या फेरीत संपवलं. मार्च 2016 मध्ये नेट डियाझने अकरा दिवसांच्या सूचनेवर येऊन यूएफसीचा स्टार कॉनर मॅकग्रेगरचा गळा आवळला. आणि रॉन्डा राउझी! कंपनीची सर्वांत मोठी महिला तारका नोव्हेंबर 2015 मध्ये मेलबर्नला 56 हजारांवर प्रेक्षकांसमोर हॉली होमच्या लाथेने कोसळली. वर्षभराने परत आणली तर अमांडा नुनेसने 48 सेकंदांत खेळ आटोपला. निकाल कंपनीच्या हातात असते तर तिने स्वतःच्या दुभत्या गाईवर कुऱ्हाड चालवली नसती.

स्टारचा खरा फायदा शोधायचा तर कराराच्या कलमांत शोधावा. पाणी मुरतं ते तिथे, आणि फिरत्या दाव्यांत नेमका याचा पत्ता नसतो. ज्याच्या नावावर तिकिटं जातात त्या 'ए-साइड'ला पैशाचा मोठा वाटा, जागा आणि तारीख निवडण्याचा हक्क मिळतो, हरल्यास परतीच्या लढतीचं कलम मिळतं. जोशुआला रुईझ सहा महिन्यांत पुन्हा मिळाला तो त्याच कलमामुळे, आणि तेव्हा जोशुआ गुणांवर जिंकला.

सर्वांत धारदार कलम वजनाचं. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. बॉक्सर अंगातलं पाणी उतरवून आकडा गाठतो आणि रात्रभरात पाणी, मीठ, भात पोटात घालून पाच-सहा किलो परत मिळवतो. त्यावर 'रिहायड्रेशन'ची मर्यादा घातली की लढतीच्या सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. मग आकाराने मोठा असलेला गडी अर्धवट सुकलेलाच रिंगमध्ये उतरतो. पाय जड पडतात, बरगडीखालचे ठोसे सोसत नाहीत आणि कोरड्या पडलेल्या शरीरात मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. एप्रिल 2023 मध्ये जर्व्हान्टा डेव्हिसने रायन गार्सियाला 136 पौंडांवर आणि दुसऱ्या दिवशी दहा पौंडांहून जास्त वाढ नको या अटीवर उतरवलं. सातव्या फेरीत बरगडीवरच्या एका ठोशाने गार्सिया गुडघ्यावर बसला. अटीमुळेच बसला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण अट कोणाच्या सोयीची होती यात शंका नाही.

तरीही कलम म्हणजे निकाल नव्हे. एप्रिल 2025 मध्ये लंडनला ख्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन लढले. बेन दोन वजनगट वर चढून आला होता, म्हणून युबँकवर 160 पौंडांची आणि सकाळी 170 ची मर्यादा. युबँक 160.05 भरला. जादा 0.05 पौंड, म्हणजे साधारण 23 ग्रॅम, आणि त्याबद्दल दंड पावणेचार लाख पौंड स्टर्लिंग. इतकं जखडूनही गुण देणाऱ्या तिन्ही परीक्षकांनी 116-112 अशी लढत युबँकलाच दिली.

"पंच विकलेले असतात."

नेवाडासारख्या राज्यात पंच आणि परीक्षक सरकारी कमिशन नेमतं, मानधनाचा खर्च प्रमोटरकडून घेतं. विकत घेतल्याचा पुरावा वेगळा आणि कल वेगळा. सप्टेंबर 2017 च्या कानेलो-गोलोव्किन लढतीत परीक्षक ॲडलेड बर्डने कानेलोला 118-110 असे गुण दिले. दुसऱ्या परीक्षकाच्या मते गोलोव्किन 115-113, तिसऱ्याकडे 114-114. लढत बरोबरीत सुटली. 118-110 या आकड्याचं समर्थन करणं अवघड आहे. गर्दी प्रत्येक ठोशाला एकाच्या नावाने ओरडत असली की परीक्षकाची नजर तिकडे झुकते, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय चांगले परीक्षक आणि उघड गुणपत्रिका. पण संगनमत म्हटलं की ते सिद्ध करावं लागतं.

"आधीच ठरलेलं असतं."

टायसन-पॉल लढत संथ होती याचं कारण करारातच लिहिलेलं होतं: दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, 14 औंसांचे ग्लव्हज आणि एक गडी 58 वर्षांचा. टेक्सासच्या राज्य यंत्रणेने याला व्यावसायिक लढत म्हणून मान्यता दिली. अशा वयाच्या माणसाला परवाना द्यावा का, हा प्रश्न जरूर विचारावा. तो जोड लावण्याबद्दलचा प्रश्न आहे.

ठरवून हरल्याची पक्की प्रकरणं बघितली तर ती भलतीकडे सापडतात. बॉक्सर जेक लामोटाने 1960 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर कबूल केलं, की 1947 मध्ये तो बिली फॉक्सशी जाणूनबुजून हरला. बदल्यात त्याला बेल्टची लढत हवी होती, आणि ती 1949 मध्ये मिळाली. त्या काळी जोड्या लावण्याचा मक्ता मोजक्या हातांत होता. जोड मिळवण्यासाठी निकाल विकला गेला, कोणत्या स्टारला जिंकवण्यासाठी नव्हे.

यूएफसीतलं गाजलेलं प्रकरण 5 नोव्हेंबर 2022 चं. डॅरिक मिनरविरुद्ध शेवटच्या काही तासांत सट्ट्याचे भाव अचानक फिरले. लढत सुरू झाल्यावर त्याने डाव्या पायाने लाथ मारली, पाय गेला आणि 67 सेकंदांत तो हरला. गुडघ्याची जुनी दुखापत लपवल्याबद्दल नेवाडा कमिशनने त्याच्यावर बंदी घातली, त्याच्या प्रशिक्षकावरही कारवाई झाली. त्या रात्रीची मुख्य लढत मरीना रॉड्रिगेझ आणि अमांडा लेमोसची होती. मिनरची लढत सुरुवातीच्या फळीत होती, जिथे नवख्यांना हजेरीचे दहा-बारा हजार डॉलर आणि जिंकल्यास आणखी तेवढेच मिळतात. मुख्य लढत सुरू होईपर्यंत त्या लढतीवरचे पैसे फिटूनही गेलेले असतात.