‘लिनक्सवर सस्पेंड चालतच नाही’ या दाव्याविषयी

लिनक्स बसवण्याचा विचार करणाऱ्याला एक दावा हमखास ऐकवला जातो: झाकण मिटल्यावर लॅपटॉप नीट झोपत नाही, झोपला तर उठत नाही, हा कर्नलचाच (लिनक्सच्या गाभ्याचाच) दोष असून त्याचे कारण सापडत नाही, म्हणून सस्पेंड (काम मेमरीत ठेवून यंत्र निजवणे) बंद करून हायबरनेट (काम डिस्कवर साठवून यंत्र बंद करणे) वापरावे. तक्रार खरी आहे, आणि न साठवलेले काम गमावलेल्याचा संताप रास्तच आहे. मात्र त्यावरून काढलेले तिन्ही निष्कर्ष टिकत नाहीत.

दोष केवळ कर्नलचा नाही. सस्पेंड करताना कर्नल चालू प्रोग्राम गोठवतो, प्रत्येक ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) आपापले उपकरण निजवतो आणि फक्त मेमरीला वीज देत राहणाऱ्या पारंपरिक एस३ प्रकारात शेवटचा टप्पा फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, हाती जातो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली जाहीर केलेल्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकानुसार हे चालते. परंतु उत्पादक आपले फर्मवेअर प्रामुख्याने विंडोजवर तपासतात, आणि म्हणूनच फर्मवेअरने विचारणा केल्यास लिनक्सला विंडोजच्या आवृत्त्यांना होकार द्यावा लागतो. पुढे मायक्रोसॉफ्टने ‘मॉडर्न स्टँडबाय’ आणले आणि अनेक लॅपटॉपमधून एस३ नाहीसे झाले. या पद्धतीत यंत्रणा एस० या चालू अवस्थेतच राहते आणि सर्व उपकरणे शांत झाली तरच खोल निद्रेत जाते. एखादा एसएसडी (साठवणुकीचा ड्राइव्ह) जागा राहिला तरी बॅटरी उतरते आणि बॅगेतला लॅपटॉप तापतो. हीच तक्रार विंडोजचे वापरकर्तेही करतात. ड्रायव्हरमध्ये चुका असतात, कर्नलच्या नव्या आवृत्तीत चांगले चाललेले सस्पेंड बिघडतेही. ते नाकारण्याचे कारण नाही.

‘कारण सापडत नाही’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते ऐकून माणूस शोध घेणेच सोडतो. वास्तविक कर्नलमध्येच त्याची साधने आहेत. ‘मेम_स्लीप’ ही फाइल वाचली की यंत्र ‘डीप’ म्हणजे एस३ वापरते की ‘एस२आयडल’ म्हणजे एस० मधली निद्रा, हे लगेच समजते. ‘पीएम_टेस्ट’ने सस्पेंडची प्रक्रिया फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म अशा टप्प्यांवर थांबवून परत फिरवता येते, ज्या टप्प्यावर यंत्र अडकते, तिथे दोष शोधायचा. यंत्र पूर्णच गोठत असेल तर ‘पीएम_ट्रेस’ शेवटच्या पायरीची खूण घड्याळाच्या चिपमध्ये ठेवतो, मात्र त्यामुळे यंत्राची वेळ बिघडते हे ध्यानात ठेवावे. ‘आरटीसीवेक’ने ठरावीक सेकंदांनी आपोआप जागे होण्याची वेळ लावून तीच चाचणी पुनःपुन्हा करता येते. पडदा काळा राहिला तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या सोयीने) जोडून पाहावे: जोडणी झाली तर यंत्र उठले आहे आणि बिघाड बहुधा ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर असल्यास व्हिडिओ मेमरी जपण्याचा पर्याय आणि त्याच्या सस्पेंड-रिझ्यूम सेवा चालू आहेत का, हे आधी पाहावे.

हायबरनेटचा सल्ला तर प्रश्न फक्त पुढे ढकलतो. त्यासाठी पुरेशी स्वॅप जागा (मेमरीतला मजकूर ठेवण्याची डिस्कवरची जागा) आणि तिथून परतण्याची योग्य मांडणी लागते, सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी केलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असता लिनक्सच्या अनेक वितरणांत कर्नल ते नाकारतो, आणि उपकरणे थांबवून पुन्हा सुरू करण्याचे काम त्याच ड्रायव्हरांना करावे लागते. रात्रभराची बॅटरी वाचवायची असेल तर आधी सस्पेंड आणि ठरावीक वेळाने हायबरनेट अशी सोय सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे, पण तिच्यासाठीही आधी सस्पेंड नीट चालावे लागते.