एक लाख किलोमीटरचा बागुलबुवा

मध्यम आकाराची जुनी सेडान घ्यायचं कुणी मनात आणलं की त्याच्या फोनवर एक संदेश हमखास येऊन पोचतो. ‘एक लाख किलोमीटर झालेली सेडान म्हणजे पांढरा हत्ती. कमी चाललेलीच घ्या. जपानी असेल तर डोळे झाकून घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला आयुष्यभर हात लावावा लागत नाही. एवढं जमत नसेल तर सरळ नवी घ्या, शेवटी तीच स्वस्त पडते.’

हे वाचून माणसं चांगल्या गाड्या सोडून देतात आणि वाईट गाड्यांना जास्त पैसे मोजतात. मला याचा राग येतो, म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलतो.

आधी तो एक लाखाचा आकडा. इंजिन झिजतं ते किती तास चाललं, किती वेळा थंड असताना सुरू झालं आणि तेल कधी बदललं यावर. ताशी सरासरी ६० किलोमीटरने एक लाख किलोमीटर कापायला इंजिन साधारण १,६७० तास चालतं. तेच अंतर गर्दीतून ताशी २० ने कापलं तर ५,००० तास, म्हणजे तिप्पट. मीटरवर मात्र दोन्हीकडे एकच आकडा. त्यात गर्दीतल्या गाडीचे क्लच आणि ब्रेक जास्त झिजलेले असतात. छोट्या छोट्या फेऱ्यांत तेल पुरतं तापत नाही, त्यामुळे त्यात उतरलेली वाफ आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही आणि तेल लवकर खराब होतं. महामार्गावर दीड लाख किलोमीटर पळालेली, वेळच्या वेळी तेल बदललेली सेडान मी गल्लीबोळात ७० हजार झालेल्या गाडीपेक्षा आधी घेईन.

‘कमी चाललेलीच घ्या’ हे वाक्य तर मला स्वतःला महाग पडलं आहे. नऊ वर्षांची, फक्त ३८ हजार किलोमीटर झालेली सेडान मी मोठ्या हौसेने घेतली. पहिल्या वर्षातच रेडिएटरचा होज फाटला, सस्पेन्शनचे बुश तडकलेले निघाले आणि टायर नक्षी शाबूत असूनही बदलावे लागले. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरला तरी मानकात बसतो. उत्कलनबिंदू उतरलेलं तेल तापून उकळलं तर ब्रेक नीट लागत नाहीत, म्हणून बहुतेक कंपन्या ते दर दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी चाललेली असो वा नसो. इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टलाही किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मुदती असतात, जी आधी संपेल ती खरी. बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. टायरचं वय बाजूवरच्या चार अंकांत असतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शिवाय मीटर मागे फिरवता येतो. पेडलचं रबर आणि स्टीअरिंगची कातडी गुळगुळीत झाली असेल, तर ४० हजाराच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

जपानी म्हणून डोळे झाकायचे? कोणतं वर्ष, कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स हे आधी विचारा. टोयोटा कॅमरी नावाजलेली गाडी, पण २००७ ते २००९ च्या २.४ लिटर इंजिनात पिस्टन रिंगांमुळे तेल जळायची तक्रार एवढी होती की कंपनीला त्या दुरुस्तीसाठी वॉरंटी वाढवावी लागली. निसान अल्टिमाचा २०१३ नंतरचा सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असाच बदनाम आहे. होंडा अकॉर्डच्या २००३ पासूनच्या चार सिलिंडर इंजिनांत टायमिंग चेन आहे, व्ही-६ मध्ये मात्र बेल्ट. नाव एकच, खर्च वेगळा.

गिअरबॉक्सच्या ‘आयुष्यभराच्या’ तेलाबद्दल फार बोलायला नको. अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. विकणारा ‘कधीच बदललं नाही’ असं अभिमानाने सांगत असेल तर किंमत पाडून मागा.

राहिलं शेवटचं: नवी स्वस्त पडते. नव्या गाडीची किंमत १०० धरा आणि दर पाच वर्षांनी ती निम्मी होते असं माना. नवी घेणाऱ्याचे पहिल्या पाच वर्षांत ५० गेले. पाच वर्षांची गाडी ५० ला घेऊन तितकीच वर्षं वापरणाऱ्याचे २५ गेले. म्हणजे दुरुस्तीवर आणखी २५, नव्या किमतीचा चौथा हिस्सा, घातले तेव्हा कुठे बरोबरी होते. आणि नव्या गाडीचं जास्तीचं व्याज आणि विमा मी धरलेलाच नाही. दुरुस्तीचं बिल एकदम हातात पडतं म्हणून बोचतं, घसारा मात्र विकायच्या दिवसापर्यंत दिसत नाही.

पांढरा हत्ती खरोखर असतो, पण दुसरीकडे. मूळची महागडी सेडान जुनी होऊन साध्या गाडीच्या भावात मिळते, तिचे सुटे भाग मात्र महागड्याच गाडीच्या भावात राहतात. एअर सस्पेन्शन असलेली दहा वर्षांची आलिशान गाडी घेताना हजारदा विचार करा.

साध्या सेडानसाठी पहिल्या वर्षाचा वेगळा पैसा बाजूला ठेवा: सगळी तेलं, कूलंट, बॅटरी, बेल्ट, जमलं तर टायर. बघायला जाल तेव्हा गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं सांगा, कारण चेनची खडखड आणि निळा धूर थंड इंजिनात लगेच कळतो. गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारा स्कॅनर लावाल तेव्हा फक्त ‘फॉल्ट नाही’ एवढ्यावर थांबू नका. गाडीचा संगणक स्वतःच घेतो त्या चाचण्या पूर्ण झाल्यात का तेही पाहा. बॅटरी काढली किंवा फॉल्ट पुसले की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच अपूर्ण दिसल्या तर बॅटरी नुकतीच काढली होती का ते विचारा. तसं नसेल, तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी फॉल्ट पुसलेले असण्याची दाट शक्यता आहे.