आयर्विनची फूटपट्टी उन्हाळ्यात कोण बघतं?

पावसाळा आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं, कोयनेतनं किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे दरवाजे उघडले का नाय. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ज्यांच्या घरात शिरलं ते दुसरं काय बोलणार म्हणा, आणि त्यात अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटर करणार म्हटल्यावर तर बोलूच नका. पण मी इथं अमेरिकेत ला क्रॉसला मिसिसिपीच्या काठाला राहतोय आणि मला वाटतं आपण नदीची पातळी फक्त चार महिने मोजतो.

इथं १९३० च्या दशकात बार्जसाठी, म्हणजे मालवाहू सपाट बोटींसाठी, ९ फूट खोल पाणी पाहिजे म्हणून ओळीनं धरणं आणि बोटी वरखाली न्यायचे लॉक बांधले, त्यामुळं उन्हाळ्यात नदी उतरायची ती उतरेनाच. सुरवातीला उथळ पाण्यात बदकं, मासे मजेत, पण पुढं लाटांनी बेटं खाल्ली, गाळ बसला, तो कधी उघडा पडेना आणि पाणवनस्पतींचं बी रुजेना. मग २००१ आणि २००२ च्या उन्हाळ्यात ८ नंबरच्या धरणामागचं पाणी मुद्दाम दीड फूट उतरवलं. दीडच फूट! उघड्या चिखलात बाणासारख्या पानांची सॅजिटेरिया उगवली, तिचे कंद टुंड्रा हंस उकरून खातात. फुकट नाय झालं हे, बार्ज अडकू नयेत म्हणून आधी गाळ उपसला, बोटवाले कुरकुरले, काही शिंपले कोरडे पडून मेले.

आपल्याकडं बार्ज नाय, ऊस हाय. उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घातले की मागं पाणी तुंबतं, मोटारी चालू, खाली नदीची डबकी होतात, मग ओरड झाली की वरनं एकदम सोडतात. नेमकं त्याच दिवसांत भिलवडी-औदुंबरकडं मगरीची अंडी काठाच्या मातीत असतात, नदी सुरय पक्ष्याची उघड्या वाळूवर, पाणी एकदम चढलं की गेली.

इथल्यासारखं पाणी उतरवा असं मी म्हणत नाय, मे महिन्यात प्यायच्या पाण्याची मारामार असताना ते लाड परवडायचे नायत. आपल्याला सोडायचं तेवढंच पण हळूहळू सोडायला पाहिजे. कालवा सल्लागार समितीत आवर्तन, म्हणजे पाणी कधी किती सोडायचं ते, ठरतं तेव्हा वनखात्याचा एक माणूस बसवा, एवढंच.

चुलतभाऊ म्हणतो, तिकडं बसून मगरीची काळजी करतोयस, इथं ऊस वाळतोय. खरंय त्याचं. पण पाणी आटलं की मगरी पण त्याच डोहात गोळा होतात जिथं त्याची मोटार हाय, आणि मोटारीच्या पाइपाचा फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह) साफ करायला तोच पाण्यात उतरतो.