‘आय’वरचं टिंब कोणाचं?

नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की आमच्या कट्ट्यावर बोलायचं म्हणजे ओरडायचं. परवा त्या दणदणाटात सुहासने मोबाइल पुढे धरला. अमेरिकेत कोलंबस शहरात एमएस करून आलेला गडी. तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडचं त्याला कोण कौतुक! पडद्यावर एकामागोमाग चालणारी पोरं मैदानावर वळणदार इंग्रजी अक्षरांत ‘ओहायो’ लिहीत होती. शेवटी सूसाफोन नावाचं भलंथोरलं पितळी वाद्य अंगाभोवती घातलेला एक जण ऐटीत जाऊन ‘आय’वरचं टिंब झाला. सगळं स्टेडियम वेडं!

“१९३६ पासून चालू आहे हे,” सुहास म्हणाला.

“आणि ढापलंय मिशिगनकडून.” पक्याचा मेहुणा मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरला असतो, त्यामुळे याची निष्ठा लग्नापासून तिकडे. “१९३२ ला मिशिगनचा बँड मॅचसाठी कोलंबसला गेला होता. तेव्हा यांच्याच मैदानावर त्यांनी ‘ओहायो’ लिहून दाखवलं. चार वर्षं आधी!”

मला वाटलं, आता सुहास उसळणार. पण तो शांतपणे म्हणाला, “लिहिलं ना. मग पुढच्या वर्षी का नाही लिहिलं?”

“पाहुण्याच्या घरी दरवर्षी रांगोळी काढायला जायचं का?”

“तेच म्हणतोय. आमच्या बँडच्या संचालकाने, यूजीन वायगलने ती अंगणात रोजची केली. आधी फिरता ‘ओ’, मग त्यातून रांग सुटते आणि पुढच्याच्या पावलावर मागच्याचं पाऊल असा पूर्ण शब्द गिरवला जातो. विमानं आकाशात धुराने अक्षरं काढतात, ते बघून त्याला सुचलं.”

पक्याचं म्हणणं, सुचलेलं पहिलं ज्याचं, मान त्याचा. मंगेश ढोलवाला. तो म्हणाला, ठेका कोणी बसवला हे कोणाला आठवतं? वाजवतो त्याचा ठेका. मला विचाराल तर दोघांहून भारी त्या टिंबाची गोष्ट. पहिल्या वर्षी टिंबावर ट्रम्पेटवाला होता, त्याचं कोणाला काही वाटलंही नाही. १९३७ ला वायगलने सूसाफोनवाल्या ग्लेन जॉन्सनला तिथे पाठवलं. पुढच्या वर्षी एकदा पुढे चालणारा ड्रम मेजर वेळेआधीच पोचला आणि संगीत उरलं. आता करायचं काय? जॉन्सनने एक लाथ झाडली, गिरकी घेतली आणि कमरेत वाकून मुजरा ठोकला. वेळ मारून नेली, तीच रीत झाली! आता त्या टिंबासाठी सूसाफोनवाल्यांना बँडमध्ये चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.

इतका वेळ गप्प बसलेल्या अश्विनीने विचारलं, “यात पोरी कधीपासून?”

“१९७३.”

“आणि बँड?”

“१८७८,” सुहासचा आवाज जरा खाली आला. “आधी लष्करी शिक्षण घेणाऱ्या पोरांचा होता, म्हणून...”

“पंच्याण्णव वर्षं. मग एकदम कसं काय सुचलं?”

आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा झाला होता. हे पक्याने आनंदाने सांगितलं. वर २०१४ ची जोडही दिली: बँडमधल्या अश्लील प्रथांची विद्यापीठाने चौकशी केली आणि संचालकाला काढलं. सुहासने नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, “पण तिथे जागा कोणाची पक्की नसते. जुन्यांनाही दरवर्षी नव्याने निवड चाचणी. हंगामात राखीव पोरगा पक्क्याला आव्हान देऊन जागा घेऊ शकतो.”

“आपल्याकडे असं केलं तर अर्धं पथक घरी बसेल,” मंगेश.

“बसू दे की,” अश्विनी म्हणाली. पहिल्या वर्षी ताशा मागितला तर तिच्या हातात झांज दिली होती. दंडाला झेपणार नाही म्हणे. ते ती विसरलेली नाही, आणि आज तिच्या ताशावर पन्नास ढोल चालतात. “१९३२ आणि १९३६ वर तासभर भांडताय. त्या भांडणात १९७३ पर्यंत तुमच्यातल्या एकालाही यायचं नव्हतं.”

तिकडून शिट्टी झाली. तिने ताशा गळ्यात अडकवला आणि गेली. पक्या चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, “बिल सुहास देईल. पहिला चहा कोणी सांगितला ते महत्त्वाचं नाही, रोज कोण पितो ते बघायचं.”