‘एआरटीने ताकद जाते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवर रोज घ्यायच्या गोळ्यांनी पुरुषाची ताकद जाते, महिनाभर गोळ्या बंद करून चूर्ण घ्या, परत येते, आणि एचआयव्ही असलेल्याने तसाही संबंध ठेवू नये. मी एआरटीवरच्या लोकांचं समुपदेशन करते. गप्प बसवत नाही.

ताकद गोळ्यांनी जाते? त्रास खरा आहे, तो नाकारू नका. मध्यंतरी एक यंत्रमाग कामगार बाकीचे जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. मग गोळ्यांची बाटली हातात फिरवत म्हणाला, ‘मॅडम, आता काही जमत नाही.’ खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आलं. रात्रपाळी, मावा, रोजची क्वार्टर, आणि बायकोला आपल्यामुळे लागण होईल ही धास्ती. साखर तपासली तर २४० निघाली. कुणाला उदासी असते, कुणाचं हार्मोन कमी पडलेलं असतं. जुन्या काही औषधांबद्दल अशा तक्रारी आहेत. पण आज बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडीच्या, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीच्या माथी सगळं मारता येत नाही. गोळीची शंका असेल तर डॉक्टरांना सांगा, ती बदलता येते.

गोळ्या बंद करायच्या? अजिबात नाही. काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतो, आणि पुढे तीच औषधं लागू पडेनाशी होऊ शकतात. चूर्णाची मला जास्त भीती वाटते. अशा पुड्यांत न सांगता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं अनेकदा सापडलंय. पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावरच्या दुसऱ्या टप्प्याच्या उपचारात रिटोनाव्हिर हे औषध असेल तर सिल्डेनाफिल रक्तात कितीतरी पट वाढतं. म्हणून डॉक्टर अशा वेळी ४८ तासांत २५ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी चालू असेल तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो.

संबंध ठेवू नये? युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात ८८८ जोडपी होती. एकाला एचआयव्ही, पण औषधाने विषाणू दबलेला. कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. हे २०१६ साली छापून आलं. म्हणून आपला विषाणू दबलाय का हे कळायला व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा रिपोर्ट मागून घ्या. इतर गुप्तरोगांसाठी कंडोम लागतोच.

मेसेजमध्ये बाईचा उल्लेखही नाही. तो कामगार पुढच्या खेपेला बायकोला घेऊन आला. त्याला बाहेर बसवून तिने सांगितलं, कोरडेपणामुळे फार दुखतं, कितीतरी वर्षं. आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.