दोरी सुटण्याआधी पोहोचा

थीम पार्कला कसे जावे याविषयी आज जेवढे लिहून ठेवलेले आढळते, तेवढे पूर्वी काशीयात्रेविषयीही कोणी लिहिले नसेल. फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले, तिथे आज चार मोठे पार्क आहेत, आणि त्यांत कोणत्या खेळापाशी किती वाजता उभे राहावे हे सांगणारी जाडजूड पुस्तके दर वर्षी नव्याने निघतात. आमच्या घरी खोपोलीच्या बाजूच्या एका पार्कला जाण्याचा बेत ठरला, तेव्हा आखणीचे काम कोणी सांगण्याच्या आतच मी अंगावर घेतले. श्रीवर्धनला रात्रीची जेवणे लवकर उरकतात. त्यानंतर हाताशी राहणाऱ्या वेळात मी या विषयावरचे बहुतेक वाङ्मय वाचून काढले, महत्त्वाच्या सूचना एका वहीत उतरवल्या आणि ओसरीवर सर्वांना बसवून त्यांचे जाहीर वाचन केले. सर्वांनी त्या अतिशय लक्षपूर्वक ऐकल्या. एखाद्या गोष्टीकडे दुर्लक्ष करायचे असले की ती आधी नीट ऐकून घ्यायची, अशी आमच्या घराची पद्धत आहे.

गर्दीचा हंगाम टाळावा, शाळांना सुट्टी नसताना आणि आठवड्याच्या मधल्या वारी जावे, असे सगळे जाणकार एकमुखाने सांगतात. परंतु बागायतदाराच्या घराला मोकळीक मिळते ती आंबा उतरल्यानंतर आणि मृग लागण्याआधी, आणि त्या दिवसांतही अगोटीची कामे मानेवर बसलेली असतात: घर शाकारायचे, लाकडे आत घ्यायची, आमसुले आणि फणसाचे पापड डब्यांत बंद करायचे. या सगळ्यातून जो एक दिवस शिल्लक राहिला तो सुट्टीतला रविवार निघाला आणि त्यातच त्या दिवशी संकष्टी होती. मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी अर्धा महाराष्ट्र तिथे असेल." अण्णा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "असू दे की. पाली वाटेवरच आहे. रविवारी संकष्टी आणि बल्लाळेश्वराचे दर्शन, असा योग पुन्हा कधी यायचा?"

गर्दीने काय होते हे पटवण्यासाठी मी त्यांना मूळ डिस्नेलँडच्या पहिल्या दिवसाची हकिगत ऐकवली. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ते उघडले, तेव्हा बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन इतकी माणसे शिरली की सारी व्यवस्था कोलमडली. आदल्या रात्रीपर्यंत ओतलेले डांबर उन्हाने मऊ पडून बायकांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या, आणि नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे राहिले. हे सारे ऐकून आत्या एवढेच म्हणाली, "मुहूर्त बघितला नसणार." तारीख कायम झाली.

पुढची सूचना सर्वांत पवित्र मानली जाते: पार्क उघडण्याआधी फाटकावर हजर राहावे. तिकडे काही ठिकाणी सकाळी दोरी धरून लोकांना थोपवून ठेवतात आणि वेळ झाली की ती सोडतात. जो दोरीपाशी आधी पोहोचला, त्याला पहिल्या तासात जेवढे खेळ मिळतात तेवढे पुढे दुपारभर मिळत नाहीत. लवकर निघण्यात कोकणी माणसाला कोणी शिकवू नये. आम्ही मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात उठलो, आणि म्हसळा, माणगाव, कोलाड मागे टाकून वाकण फाट्याला वळलो, तेव्हा अजून पुरते फटफटलेही नव्हते. माझ्या हिशेबाने आम्ही दोरीच्या कितीतरी आधी पोहोचणार होतो. परंतु पालीला पोहोचलो आणि हिशेब संपला. बल्लाळेश्वराच्या आधी धुंडीविनायकाचे दर्शन घ्यायचे असते, म्हणजे रांगा दोन, शिवाय संकष्टी. मी मोबाईलवर पार्कची वेळ आणि घड्याळ आळीपाळीने पाहत उभा होतो, तेव्हा आत्या मागे वळून म्हणाली, "अरे, रांगेतच उभे राहायचे आहे ना? मग ही काय वाईट आहे?" यावर मला उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही.

पार्कच्या वाहनतळावर उतरलो, तेव्हा दोरीच्या वेळेला बराच काळ लोटला होता. आता निदान आत तरी झपाट्याने शिरावे, तर तपासणीच्या टेबलावर आमची पिशवी अडली. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत घरचे खाणे नेऊ देतात, फक्त काचेची भांडी आणि दारू चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, हे मी वहीत लिहिले होते आणि वाचूनही दाखवले होते. तरीही पिशवीतून जे बाहेर आले त्याची यादी देणे मला भाग आहे. साबुदाण्याच्या खिचडीचा मोठा पितळी डबा, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, ज्यांचा उपास नव्हता त्यांच्यासाठी फडक्यात गुंडाळलेली घावने आणि बरणीत ओल्या खोबऱ्याची चटणी, कोकम सरबताची बाटली, आणि सगळ्यांच्या तळाशी, कशासाठी ते कोणालाच सांगता आले नाही, एक असोला नारळ. सुरक्षारक्षक तरुण होता, आपल्याच बाजूचा दिसत होता. त्याने नारळ हातात घेतला, हलवून पाहिला, आतले पाणी वाजले, आणि तो गंभीरपणे म्हणाला, "मावशी, हा तर अजिबातच चालणार नाही." आत्याने त्याला उपासाचे नियम समजावून सांगितले, त्याने आत्याला पार्कचे नियम समजावून सांगितले, दोघांनीही एकमेकांचे शांतपणे ऐकून घेतले. शेवटी सगळा लवाजमा गाडीपाशी परत गेला, सतरंजी अंथरली गेली आणि वाहनतळावरच पंगत बसली. "आत विकत घेतले असते तर?" असे मी विचारून पाहिले. "उपासाला?" असा प्रतिप्रश्न आला. जाताना आत्याने त्या रक्षकाच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला, आणि तो त्याने नियमाचा कोणताही दाखला न देता खाल्ला.

आत शिरल्यावर बहुतेक लोक आपोआप उजवीकडे वळतात किंवा पहिल्याच खेळापाशी थबकतात. म्हणून आपण डावीकडे वळावे आणि थेट मागच्या टोकापासून सुरुवात करावी, अशी एक चतुर सूचना आहे. आमची मंडळी फाटकाच्या आत जेमतेम वीस पावलांवर थबकली, कारण तिथे फोटो काढण्यासारखी कमान होती. आधी सगळ्यांचा एकत्र, मग जोडप्यांचे, मग मुलांचे, मग वहिनींचे डोळे मिटले म्हणून पुन्हा सगळ्यांचा. या गडबडीत अण्णा दिसेनासे झाले. एकटे अण्णा, ज्यांनी माझे वाचन चालू असताना डोळे मिटून घेतले होते, डावीकडे वळून चालू लागले होते. कारण विचारले तेव्हा म्हणाले, मध्यभाग उजव्या हाताला ठेवून फिरायचे, प्रदक्षिणा दुसरी कशी घालतात? फोन करकरून त्यांचा ठावठिकाणा लागला, तोवर ते मागच्या टोकाला एका संथ होडीच्या खेळात रांगेवाचून लागोपाठ बसून घेत होते. दादाने त्यांना "असे एकटे फिरू नका" अशी समज देऊन परत आणले आणि आमच्याबरोबर तासाभराच्या रांगेत उभे केले.

रांगेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दिवसाचा बराच भाग तिथेच गेला. पाळण्याच्या डब्यात एखादी जागा रिकामी राहते, ती भरण्यासाठी काही पार्क एकट्या माणसांची वेगळी रांग ठेवतात. तीत उभे राहून कुटुंबाने विखरून बसले तर वेळ पुष्कळ वाचतो. ही सूचना मी मांडताच ती कुटुंब फोडण्याचा प्रस्ताव म्हणून फेटाळली गेली. उलट एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची जी विद्या आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचा तिथे प्रयोग झाला: एका भाच्याला रांगेत उभे करायचे आणि तो तोंडाशी पोहोचला की बाकीच्यांनी "आमचाच आहे" असे म्हणत दोरखंडाखालून शिरायचे. मागे उभ्या असलेल्या नाशिकच्या गृहस्थांनी यावर जी नापसंती व्यक्त केली, तिच्याशी मी मनातून पूर्णपणे सहमत होतो. तसे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खेळाच्या माहितीचा फलक वाचत राहिलो. त्या फलकाशेजारीच उंची मोजायची पट्टी होती. मुलांची उंची घरीच मोजून यावे, म्हणजे दारात रडारड होत नाही, हेही वहीत होते. फ्लोरिडातल्या स्पेस माउंटनला ४४ इंच उंची लागते, आणि मूल बुटके ठरले तर आईवडिलांना रांग दुसऱ्यांदा न लावता आळीपाळीने बसू देण्याची सोय तिथे असते. आमचा धाकटा पट्टीला बोटभर कमी भरत होता. आत्याने रांगेच्या दूरवर गेलेल्या टोकाकडे पाहिले आणि वहिनींना म्हणाली, "उभा कर गं त्याला. वाढते अंग आहे, तोंडाशी पोहोचेपर्यंत भरेल."

सल्ल्यांच्या पुस्तकांत कुठेच न सापडणारा प्रसंग लाटांच्या तलावापाशी घडला. आम्ही श्रीवर्धनचे, अरबी समुद्र आमच्या वाडीच्या मागच्या बेड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तो कोणाकडून तिकीट घेत नाही. तरीही समुद्राकाठचा माणूस समुद्रात शिरत नाही. आत्याचे पाय आजवर खाऱ्या पाण्यात भिजले असतील ते नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्यापुरते, आणि तेही घोट्यापर्यंत. किनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्या पाहुण्यांना भरतीच्या वेळा सांगून ती थकली आहे. चाके वाळूत रुतली आणि पाणी चढू लागले की ट्रॅक्टर बोलवायला तेच पाहुणे आमच्या दारात येतात. अशी ही आत्या भाड्याचे कपडे घेण्याच्या खिडकीपाशी गेली. पाण्यात नायलॉनचेच कपडे चालतात, सुती चालत नाहीत, म्हणून घरून घेऊन यावे, ही माझी सूचना कोणीच पाळलेली नव्हती. भाड्याचा लांब बाह्यांचा पोशाख तिने दोन बोटांत धरून उजेडात न्याहाळला आणि खिडकीतल्या मुलीला विचारले, "हे याआधी कोणी घातले होते?" मुलीकडे तशी नोंद नव्हती.

भोंगा वाजला. अशा तलावांत बहुधा खोल टोकाच्या भिंतीआड कोठड्या असतात आणि त्यांत हवेच्या दाबाने पाणी ढकलून लाटा उठवतात, हे मी काठावरून सांगत होतो, पण ऐकायला कोणी उरले नव्हते. आत्या कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही सुनांचे हात धरून उभी होती आणि दर लाटेला "आली, आली!" असे ओरडत होती. भोंगा थांबून लाटा निमाल्या की ती बाहेर येण्याऐवजी पुढच्या भोंग्याची वाट पाहत तिथेच थांबे. पुढे तिने कारण दिले: "इथे ओहोटी कोणाच्या हातात आहे ते दिसते."

दुपारी दोन ते चार पार्कमधून बाहेर पडावे, खोलीवर जाऊन पडावे आणि उन्हे उतरल्यावर परत यावे, ही बहुधा सर्वांत शहाणपणाची सूचना आहे आणि सर्वांत जास्त लोक हीच झुगारतात, कारण एवढे तिकीट काढून झोपायचे कसे? त्या वेळी रांगा सर्वांत लांब असतात, पोरे सर्वांत किरकिरी असतात, आणि तरीही नवरा-बायको दात-ओठ खात पुढच्या पाळण्याकडे चालत असतात. दादा-वहिनी तसेच चालत होते. वहिनींच्या पायात खास या दिवसासाठी माणगावहून आणलेल्या नव्या सँडल होत्या. त्याविषयी मी वहीत काय लिहिले होते ते सांगत नाही. अण्णांनी मात्र जेवणाच्या हॉलमागे कडुनिंबाच्या सावलीत एक बाक हेरला, उशाला पिशवी घेतली, तोंडावर पंचा ओढला आणि घरी ज्या वेळी झोपतात त्याच वेळी झोपले. शेजारून किंचाळणाऱ्या माणसांनी भरलेले डबे खडखडत उतरत होते. साडेतीनला ते उठले, तोंड धुतले आणि चहा कुठे मिळेल याची चौकशी करू लागले. बाकीचे तोवर पाय धरून बसले होते, म्हणून संध्याकाळभर सगळ्या नातवंडांना फिरवण्याचे काम त्यांनी केले, आणि दुपारनंतर गर्दी ओसरल्यामुळे त्यांना खेळही भराभर मिळाले. हे श्रेय मी माझ्या वहीच्या नावावर टाकू पाहिले, पण अण्णांनी ती वही कधी पाहिली आहे असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटेना.

शेवटपर्यंत थांबावे, निघणाऱ्यांची झुंबड ओसरू द्यावी आणि मग सावकाश बाहेर पडावे, या शेवटच्या सूचनेचे काय झाले हे उघड आहे. संध्याकाळची मिरवणूक सुरू होण्याच्या बेतात असताना आत्याने "अंधार पडायच्या आत" असे म्हटले आणि सगळे उठले. वाहनतळावर आमच्यासारखाच विचार केलेल्या गाड्यांच्या रांगेत आम्ही अंधार पडेपर्यंत उभे राहिलो. पोटात ढवळू नये म्हणून वहिनींनी आवळासुपारी फिरवली. गोळ्या मी आणल्या होत्या, त्या माझ्याच खिशात राहिल्या.

पालीला पुन्हा थांबलो ते उपास सोडण्यासाठी. आभाळ मृगाआधीच्या ढगांनी भरून आले होते, चंद्राचा पत्ता नव्हता आणि अण्णा-आत्या ताटे समोर घेऊन बसले होते. तेव्हा दिवसभरात पहिल्यांदाच आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या त्या मोबाईलमध्ये रांगा दिसत होत्या ना? मग चंद्रोदय किती वाजता ते बघ." मी तत्काळ पाहिले आणि मिनिटासकट वेळ सांगितली. तिने मान हलवली, हात मांडीवरच ठेवला आणि भाच्याला म्हणाली, "जा रे, त्या समोरच्या दुकानात कालनिर्णय लावलेले आहे, त्यात काय दिले आहे ते बघून ये." भाचा पळत जाऊन आला. वेळ तीच होती. आत्या म्हणाली, "हं, मग बरोबर," आणि भात कालवायला घेतला.